स्पीकरवरचे वॅट आणि प्रत्यक्षातला आवाज

बिडकीनसारख्या गावात लग्नसराईसाठी साउंड सिस्टीम निवडली जाते ती बहुधा खोक्यावर छापलेल्या वॅटवरून. वस्तुतः तो आकडा स्पीकर किती विद्युतशक्ती सोसेल एवढेच सांगतो, आणि आवाज मुख्यतः ठरतो तो संवेदनक्षमतेवर, म्हणजे 1 वॅट शक्ती दिल्यावर 1 मीटर अंतरावर मिळणाऱ्या डेसिबलवर. शक्ती दुप्पट केली तरी आवाज जेमतेम 3 डेसिबलने वाढत असल्याने 98 डेसिबलचा स्पीकर 250 वॅटवर जेवढा वाजतो, तेवढ्यासाठी 92 डेसिबलच्या स्पीकरला 1000 वॅट लागतात.

शक्तीचे आकडेही एकाच अर्थाचे नसतात: सलग सोसली जाणारी शक्ती 300 वॅट असेल, तर त्याच स्पीकरवर ‘प्रोग्रॅम’ 600 आणि ‘पीक’ 1200 असे छापले जाते, ‘पीएमपीओ’ला तर सर्वमान्य मानकच नसल्याने तो आकडा विचारातही घेऊ नये. संवेदनक्षमता 2.83 व्होल्टवर मोजलेली असल्यास विशेष सावध राहावे, कारण 8 ओहमच्या स्पीकरला तो दाब 1 वॅट देतो, पण 4 ओहमच्या स्पीकरला 2 वॅट देतो आणि आकडा 3 डेसिबलने फुगतो. खरेदीपूर्वी सलग शक्ती, तिच्या चाचणीचे मानक आणि ओहम हे तिन्ही विक्रेत्याकडून लेखी मागावेत.