बंद पडलेला माग कोण सुरू करतो?

टॉवेल विणणाऱ्या मागावर ताण्याचे दोन बीम असतात. एकावरचं सूत घट्ट ताणलेलं असतं, त्यावर कापडाचा पाया उभा राहतो. दुसऱ्यावरचं सैल सोडलेलं असतं, त्यातून टॉवेलचे फुगीर वेढे तयार होतात. बाण्याचे पहिले दोन धागे फणी थोडे मागेच ठेवते आणि तिसऱ्या धाग्याला तिन्ही एकदम ठोकून पुढे नेते. त्या ठोक्याबरोबर सैल सूत वर उचललं जातं आणि वेढा बसतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कितीतरी शेडमध्ये हे काम दिवसपाळी-रातपाळीला चालू असतं. मागावरचा कामगार तुटलेला धागा जोडतो, संपलेली कांडी बदलतो, कापडावर नजर ठेवतो. पण सैल बीम गरजेपेक्षा जास्त सूत सोडू लागला की वेढे उंचसखल होतात आणि टॉवेलचं वजन चुकतं. जॅकार्डची एखादी दोरी तुटली की नक्षीत उभी रेघ पडत जाते. अशा वेळी माग थांबतो आणि जॉबरला हाक जाते. जॉबर आधी मागाचा आवाज ऐकतो, मग हात घालतो, कुठे नट आवळतो, कुठे वजन हलवतो, दोन-चार फेऱ्या चालवून कापडावर बोटं फिरवून बघतो. मागवाला आणि जॉबर यांच्या शाळेच्या दाखल्यांत सहसा मोठा फरक नसतो. कमाईत मात्र असतो, आणि त्याहून मोठा फरक कमाईच्या भरवशात असतो. मागवाल्याची मजुरी विणलेल्या मालावर ठरते, त्यामुळे माग बंद असला की त्याचा हातही रिकामा राहतो. जॉबरची किंमत मात्र माग बंद पडतो तेव्हाच कळते.

कॉलेजची पायरी न चढता बरा पगार कुठे मिळेल, असं दहावी-बारावीनंतर थांबलेली मुलं विचारतात तेव्हा त्यांना क्षेत्रांची नावं सांगितली जातात: मोबाइल दुरुस्ती, वेल्डिंग, ड्रायव्हिंग, डेटा एन्ट्री. मला वाटतं, क्षेत्राच्या आधी एक वेगळा प्रश्न विचारायला हवा. त्या कामाच्या ठिकाणी सगळं ठप्प झालं तर हाक कोणाला जाते? त्या माणसाच्या हाताखाली उभं राहायला मिळणार असेल तर सुरुवातीचा पगार कमी असला तरी ते काम धरावं. मिळणार नसेल तर सुरुवातीच्या चांगल्या पगारावरही फार विसंबू नये. याच औद्योगिक वसाहतीत या म्हणण्याला भरपूर आधार सापडतो. सूत आणि टॉवेल रंगवणाऱ्या डाईंगमध्ये सगळं वाफेवर चालतं. १९२३ च्या कायद्यापासून बॉयलरला सरकारी तपासणी लागते आणि तो सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच चालवावा लागतो. इथे कायद्याला पदवी नको असते. वाफेचा दाब, पाण्याची पातळी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांची जाण असलेला, परीक्षा दिलेला माणूस हवा असतो. डाईंग मास्तरचंही तसंच. कालच्या लॉटशी आजचा रंग जुळला नाही तर आख्खी ऑर्डर परत येते, म्हणून कोणतं रसायन किती आणि किती तापमानाला घालायचं हे हातात बसलेल्या मास्तरला कारखानदार सहजासहजी सोडत नाही. वायरमन, मोटर रिवाइंडिंग करणारा, इलेक्ट्रॉनिक जॅकार्डचं पॅनेल समजणारा हे सगळे याच रांगेतले.

पदवीने नोकरीची हमी मिळते हा समज आकडे खोडून काढतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये काढलेल्या भारत रोजगार अहवालानुसार २०२२ साली पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारीचं प्रमाण २९.१ टक्के होतं, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये अवघं ३.४ टक्के. हे आकडे अनेकदा चुकीच्या बाजूने वापरले जातात. कमी शिकलेल्याला काम लवकर मिळतं, म्हणून शिकू नये, असा निष्कर्ष काढणं क्रूरपणाचं होईल. गरीब घरातल्या मुलाला बेरोजगार बसून राहणं परवडतच नाही; तो मिळेल त्या मजुरीला उभा राहतो आणि सर्वेक्षणात रोजगार असलेला ठरतो. मागावर बारा तास उभं राहून महिन्याच्या किराण्याची चिंता करणारा माणूसही त्या आकडेवारीत यशस्वीच दिसेल. तेव्हा या आकड्यांवरून इतकंच म्हणता येतं की पदवीमागे घातलेली वर्षं परत मिळतील याचा भरवसा राहिलेला नाही, आणि नुसतं काम मिळणं व चांगलं काम मिळणं यांत मोठं अंतर आहे. ते अंतर कापायची वाट आपण नीट बांधलेलीच नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. एका जॉबरच्या हाताखाली अनेक माग असतात. सगळेच जॉबर झाले तर माग चालवणार कोण? खरं आहे, या जागा थोड्या आहेत. पण त्या किती थोड्या हे यंत्रावरही ठरतं. साध्या शटलच्या मागाची जागा रॅपियर माग घेऊ लागला, पुठ्ठ्याच्या पत्त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड घेऊ लागला, की माग चालवायला माणसं कमी लागतात आणि यंत्र राखायला जास्त जाणकार लागतात. मला त्याहून गंभीर अडचण दिसते ती शिरकावाची. सोलापूरच्या पूर्व भागातला विणकाम करणारा पद्मशाली समाज तेलंगणातून आला, त्याने हातमाग आणले, पुढे यंत्रमाग उभे केले. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून शहरात वाढलेलं गिरणीकाम विसाव्या शतकाच्या अखेरीस विरत गेलं, तरी यंत्रमागांनी हे शहर कापडाचं ठेवलं. या इतिहासात ज्ञान बापाकडून मुलाकडे, मामाकडून भाच्याकडे गेलं. ती शिकवण्याची उत्तम पद्धत होती यात शंका नाही. तेलुगूतल्या दोन शब्दांत जॉबर जे सांगतो ते पुस्तकाच्या चार पानांत मावत नाही. पण नात्यातून चालणाऱ्या या शाळेला प्रवेशाची खिडकी नसते. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या गावातून आलेला, कोणाचा कोणी नसलेला मुलगा हेल्पर म्हणून लागतो, बीम उचलतो, गाठी बांधतो आणि पाच वर्षांनीही बीमच उचलत असतो. त्याच्याकडे वकूब नसतो असं नाही, त्याला हाताखाली घेणारं कोणी नसतं.

दुसरा आक्षेप घराघरांतून येतो: कागद हवा. आईबाप मुलाला बी.ए. करायला लावतात, कारण सरकारी भरतीचा अर्ज पदवी विचारतो, मुलीकडचे लोक पदवी विचारतात. त्यांना मूर्ख ठरवणं अन्यायाचं आहे. जॉबरचं कौशल्य शेडच्या दाराबाहेर कोणाला दिसत नाही. कारखाना बंद पडला की पंचवीस वर्षांचा अनुभव सांगायला त्याच्याजवळ तोंडाखेरीज काही नसतं, आणि गिरण्या बंद होताना या शहराने हे मोठ्या प्रमाणावर पाहिलेलं आहे. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं, वस्तूची ओळख कायद्याने राखली गेली. ती वस्तू घडवणाऱ्या हातांची तशी नोंद कुठे नाही. म्हणून कौशल्याला कागद द्या ही मागणी मला पदवीइतकीच महत्त्वाची वाटते. त्याच्या सोयी अगदीच नाहीत असंही नाही. आयटीआयमध्ये वायरमन आणि वेल्डर या ट्रेडना आठवी पास मुलगाही बसू शकतो, फिटरला दहावी लागते; दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पुढे पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं, म्हणजे ही वाट तिथेच संपत नाही. आधीपासून काम येणाऱ्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद २०१५ पासूनच्या केंद्राच्या कौशल्य योजनेत आहे. व्यावसायिक वाहन चालवण्याच्या परवान्यासाठीची आठवी पासची अट २०१९ मध्ये काढून टाकली गेली, कारण गाडी चालवता येते की नाही हे चाचणीवरून ठरावं, दाखल्यावरून नको. मागाच्या बाबतीतही तोच विचार व्हायला काहीच हरकत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग पोरं पुण्याकडे चाकण-रांजणगावला जातात ते काय वाईट? पगाराचा आकडा तिकडे मोठा असतो हे खरं. पण खोलीचं भाडं, मेस, आणि काही महिन्यांनी संपणारं कंत्राट वजा केलं की गावी पाठवायला किती उरतं हे ज्याने त्याने वहीत मांडून पाहावं. मोठ्या कारखान्याच्या असेंब्ली लाइनवर एकच स्क्रू वर्षभर आवळणारा मुलगा मी वर सांगितलेल्या कसोटीला उतरत नाही. लाइन थांबली की हाक त्याला जात नाही. आयटीआय करून तिथल्या मेंटेनन्स विभागात गेलेला मुलगा उतरतो. पुण्याला जावं की सोलापुरात राहावं यापेक्षा हाताला काय लागणार आहे, हे पाहणं जास्त फायद्याचं.

मात्र चांगलं काम म्हणजे फक्त चांगली रक्कम असं मी मानत नाही. हजेरीपटावर नाव, कर्मचारी राज्य विमा, भविष्य निर्वाह निधी आणि घरी सुखरूप परतण्याची खात्री, हे सगळं त्यात आलं. राज्य विमा योजना साधारणपणे दहा आणि त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, महिना एकवीस हजारांपर्यंत वेतन असणाऱ्यांना लागू होते. निर्वाह निधीला वीस कामगारांची अट आहे. लहान शेडचा हा उद्योग यातल्या पुष्कळशा माणसांना या रेषांच्या बाहेर ठेवतो. १८ मे २०२५ च्या पहाटे याच वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. त्यात मालकाचं कुटुंबही होतं, कामगारही होते. सूत, कापड आणि वीज एका छपराखाली असलेल्या जागेत बाहेर पडायचा दुसरा रस्ता असणं ही पगाराइतकीच मूलभूत गोष्ट आहे, आणि काम शोधणाऱ्या मुलाने पहिल्या दिवशी विचारायच्या प्रश्नांत ती यायला हवी.

या सगळ्या हिशेबात बायकांची जागा कुठे? कांड्या भरणं, टॉवेलच्या कडा शिवणं, घड्या घालणं, आणि घरी विड्या वळणं. नीलमनगर, विडी घरकुल भागातून सकाळी निघणाऱ्या बायकांशिवाय ही वसाहत एक दिवस चालणार नाही, तरी जॉबरच्या जागी बाई दिसत नाही. काम जड आहे हे कारण दिलं जातं. बीम जड असतो हे खरं; पण जॉबर बीम उचलण्यासाठी नसतो, दोष शोधण्यासाठी असतो, आणि शंभर धाग्यांतला तुटका धागा क्षणात ओळखणाऱ्या नजरेला तो शोधता येणार नाही असं मानायला आधार नाही. शिवणाच्या मशिनवरची बाई कटिंग मास्तर व्हायला शिकू शकते, इलेक्ट्रॉनिक जॅकार्डचं डिझाइन संगणकावर भरायला तर बळ लागतच नाही. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस कामगार असतील तर ते ऐच्छिक आहे. पाचवी ते नववी शिकलेल्यालाही तेव्हा या योजनेत दरमहा किमान पाच हजार रुपये विद्यावेतन ठरलं, आयटीआय झालेल्याला सात हजार, आणि त्यातला चौथा हिस्सा, दीड हजारांच्या मर्यादेपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. इथल्या बहुतेक शेड त्या ऐच्छिक गटात बसतील. कारखानदारांच्या संघटनेने आठ-दहा शेड मिळून उमेदवार घ्यायचं ठरवलं, त्यांना एका अनुभवी जॉबरच्या हाताखाली वर्षभर ठेवलं, त्यातल्या निम्म्या जागा मुलींना दिल्या आणि शेवटी परीक्षा घेऊन प्रमाणपत्र दिलं, तर नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. कामगार मिळत नाहीत ही कारखानदारांची तक्रार मी खरी मानतो. त्यांनी उद्या कारखान्याच्या फाटकावर पाटी लावताना ‘हेल्पर पाहिजेत’ याच्या खाली ‘जॉबरकाम शिकवलं जाईल’ अशी एक ओळ लिहावी आणि किती जण येतात ते पाहावं.