देहाचे वय : भाग ७ – दाखल्यावरचा १ जुलै

जैविक वयाचा हिशेब वजाबाकीचा असतो. मोजमापांतून निघालेल्या वयातून जन्मतारखेचे वय वजा केले, की शरीर किती लवकर झिजले ते कळते. यात जन्मतारीख पक्की धरलेली असते. वाशिम जिल्ह्यातल्या खेड्यांत, पन्नाशी ओलांडलेल्या पिढ्यांपुरते, तसे धरता येत नाही. पुष्कळांच्या दाखल्यावर १ जून नाहीतर १ जुलै असते. शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने वर्ष टाकत आणि शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख लिहीत. शाळेची पायरी न चढलेल्या बायकांना तर तेवढाही आधार नाही. त्यांचे वय घटनांना बांधलेले असते: पैनगंगेपलीकडे रझाकारांची धामधूम होती तेव्हाचा जन्म, बहात्तरच्या दुष्काळातला जन्म. प्रगणकही अशाच खुणा विचारून वय ठरवतात, आणि अशी खूण गुरुजींच्या तारखेपेक्षा पुष्कळदा अधिक भरवशाची असते.

दोन-तीन वर्षांच्या चुकीने काय बिघडते? स्टीव्ह हॉर्व्हाथ यांच्या २०१३ च्या जैविक वयाच्या ‘घड्याळात’ डीएनएवरच्या ३५३ जागा तपासतात; त्याची मध्यक चूक सुमारे ३.६ वर्षे. दाखल्यातली चूक जवळपास तेवढीच. अशा माणसाचे शरीर ‘तीन वर्षांनी म्हातारे’ निघाले, तर ती झीज शरीराची की कागदाची, हे सांगता येत नाही. ‘फीनोएज’ या जैविक वयाच्या दुसऱ्या मापालाही हीच अडचण येते. त्याच्या सूत्रात रक्तातल्या नऊ घटकांच्या जोडीला दहावा आकडा जन्मतारखेच्या वयाचाच असतो.

हाडांवरून वय काढावे, तर मनगटाचा एक्स-रे हाडांची टोके जुळेपर्यंतच, म्हणजे विशीच्या आसपासपर्यंतच उपयोगी. गुस्टाफसन यांची १९५० ची पद्धत दातांची झीज आणि मुळांची पारदर्शकता पाहते. पण झिजेवरून वय काढायचे आणि त्याच वयाशी झीज ताडायची, हे वर्तुळच झाले.

खरी वाट न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या अभ्यासाने दाखवली. तिथली १,०३७ मुले १९७२-७३ मध्ये जन्मली, म्हणजे आपल्या दुष्काळातल्या पिढीची समवयस्क. २६, ३२, ३८ आणि ४५ व्या वर्षी त्याच माणसांची १९ मोजमापे घेतली गेली. सगळे एकाच वयाचे, त्यामुळे वयाची वजाबाकी करावी लागली नाही; थेट झिजण्याचा वेग निघाला. वर्षभरात कुणाचे शरीर ०.४ वर्षाने पुढे सरकत होते, कुणाचे २.४४ वर्षांनी.

वाशिमसारख्या ठिकाणी त्याच माणसाला पुन्हा पुन्हा मोजण्याचा हाच मार्ग सोयीचा. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ‘लासी’ या वार्धक्याच्या २०१७-१८ च्या पाहणीत देशभरातले ७२ हजारांवर लोक घेतले; त्यात मुठीची पकड आणि चालण्याचा वेगही मोजला. पकड क्षुल्लक नव्हे: १७ देशांच्या ‘प्युअर’ अभ्यासात ती दर पाच किलोंनी कमी असताना मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी अधिक आढळला. जन्मभर निंदण-खुरपण केलेल्या हाताची पकड शहरी कोष्टकाशी ताडू नये. ती त्याच हाताच्या पाच वर्षांपूर्वीच्या नोंदीशी ताडावी. त्याला दाखला लागत नाही.