पारा १२ कडे निघालाय! अँथुरियम, ऑर्किड आणि कुंड्यांची रात्र सांभाळा



थंडी वाढली की गहू-हरभरावाले खूश. पण ज्यांच्या पॉलिहाऊस-शेडनेटमध्ये अँथुरियम, डेंड्रोबियम ऑर्किड किंवा ॲग्लोनिमा, डिफेनबेकियाच्या कुंड्या आहेत, त्यांनी आता जागं राहायचं. ही झाडं मूळची उष्ण, दमट जंगलातली. अँथुरियमचं माहेर कोलंबिया-इक्वेडोर. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत दुपारी २८ अंश आणि पहाटे १० असा फरक पडतो. निफाडला तर काही हिवाळ्यांत पारा ५ च्याही खाली गेलेला आहे.

"दहिवर कुठं पडलंय, मग काय बिघडतंय?" असं बरेच जण म्हणतात. फसगत इथंच होते. या झाडांचं नुकसान व्हायला बर्फ लागत नाही. अँथुरियमची वाढ १५ अंशांच्या खाली मंदावते. १०-१२ अंशांच्या चार-सहा रात्री लागोपाठ गेल्या की पानं काळवंडायला लागतात. ॲग्लोनिमा त्याहून नाजूक. थंडीनं पानातल्या पेशींचं आवरण बिघडतं, आतलं पाणी झिरपतं आणि ओलसर काळे डाग पडतात. हे डाग दोन-चार दिवसांनी दिसतात. तोवर थंडी ओसरलेली असते, म्हणून आपण त्याला करपा समजून बुरशीनाशक मारतो. पैसे जातात, डाग तसाच राहतो.

अँथुरियमचा हिशोब सोपा आहे: प्रत्येक पानाच्या बेचक्यातून एक फूल. पान गेलं की फूल गेलं. कुंडीच्या झाडात तर पान हाच माल.

*१. आधी मोजा*
कमाल-किमान तापमापक झाडाच्या उंचीवर, सावलीत टांगा. रोज सकाळी किमान आकडा वहीत लिहा. मोबाईलवर दिसतो तो गावाचा पारा, तुमच्या शेडचा नव्हे. ओढ्याकाठी आणि सखल जागी थंड हवा साचते, तिथं पारा आणखी उतरतो.

*२. ऊब साडेचारलाच कोंडा*
अंधार पडल्यावर पडदे खाली सोडून उपयोग नाही, तोवर ऊब निघून गेलेली असते. ऊन असतानाच, साडेचारच्या सुमारास बाजूचे पडदे बंद करा. आतला शेडनेटचा पडदाही ओढा. निरभ्र रात्री उष्णता वर आकाशाकडं निघून जाते, ती त्यानं थोडी अडते. सकाळी नऊ-साडेनऊला पडदे उघडा. नाहीतर प्लास्टिकला साचलेलं पाणी फुलांवर टपकतं आणि करडी बुरशी येते. नुसतं शेडनेट असेल तर उत्तर-पूर्वेच्या बाजूला प्लास्टिक लावा. कुंड्यांवर काठ्या किंवा कमानी लावून रात्री क्रॉप कव्हर टाका. कापड पानाला टेकू देऊ नका आणि सकाळी आठवणीनं काढा.

*३. पाणी उशिरा आणि बेतानं*
उघड्या टाकीतलं पाणी पहाटे गारठलेलं असतं, बोअरचं ताजं पाणी मात्र कोमट लागतं. म्हणून दहा-अकराला, शक्यतो बोअरचं पाणी द्या. थंडीत मुळं पाणी कमी ओढतात. कोकोपीट सतत ओलं राहिलं तर मुळं कुजतात. बोटानं दाबून बघा, मगच ठिबक सोडा. फॉगर दुपारीच चालवा आणि तीनपर्यंत बंद करा. संध्याकाळी पान कोरडं हवं.

*४. आत शेकोटी नको*
द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, त्या उघड्यावर. बंद पॉलिहाऊसमध्ये तसं करू नका. धुरातल्या इथिलीन वायूनं ऑर्किडच्या कळ्या आणि फुलं गळतात. त्याहून मोठा धोका माणसाला. कोळसा किंवा लाकूड जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्यानं जीव जातो. मजुरांनाही आत शेगडी लावून झोपू देऊ नका.

*५. कात्री आणि खताची घाई नको*
डाग पडलेल्या पानाचा हिरवा भाग अजून झाडाला अन्न पुरवतो. फक्त कुजलेली आणि पूर्ण वाळलेली पानं काढा, बाकी छाटणी थंडी सरल्यावर. कुंड्या बदलणं आणि फुटवे वेगळे करणं फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबवा. झाड वाढत नसताना युरियासारखं नत्र देऊन जबरदस्ती करू नका, कोवळी फूट थंडीत आधी बळी पडते.

मनुष्यबळ कमी असेल तर आजच एवढं करा: ॲग्लोनिमाच्या कुंड्या जमिनीवरून उचलून बाकावर ठेवा आणि दाराजवळून, कडेच्या रांगांतून मध्यभागी घ्या. सगळ्यात आधी गारठा तिथंच लागतो.

ज्यांना क्रॉप कव्हर हवंय त्यांनी वाफ्याची किंवा बाकाची लांबी-रुंदी मोजून कळवा, एकत्र मागणी केली तर वाहतूक वाचेल. आणि उद्यापासून रोज सकाळी आपल्या शेडचा किमान पारा गटावर टाका. एकाच गावात दोन शेडच्या पाऱ्यात किती फरक पडतो, ते सगळ्यांनाच कळेल.