पायाला विसावा, डोळ्यांना नाही

वर्ध्याहून निघून येळाकेळीला समृद्धी महामार्गावर चढलो, की पुढचा रस्ता सरळ, रुंद आणि बहुधा मोकळा असतो. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सारा महामार्ग पूर्ण झाला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा. सिग्नल नाही, बैलगाडी नाही, वळणेही फार नाहीत. पण याच सुखात धोका आहे. तासभर तेच ते पाहून मन सुस्तावते. डोळे उघडे राहतात, लक्ष मात्र उडालेले असते.

अशा वेळी गाडीतील नव्या सोयी मोठा आधार वाटतात. आपल्याकडे आधी काही महागड्या गाड्यांत त्या आल्या, आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही मिळतात. काचेमागचा कॅमेरा रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओळखतो आणि गाडी पट्ट्याबाहेर जाऊ लागली की इशारा देतो किंवा स्टिअरिंग किंचित वळवतो. समोरचा रडार पुढच्या वाहनाचे अंतर मोजतो, त्यानुसार वेग कमी-जास्त होतो. टक्कर होईलसे वाटले तर ब्रेकही आपोआप लागतो.

मात्र यांना चालक समजू नका, हे चालकाचे मदतनीस आहेत. पुढे धावणारे वाहन त्यांना चांगले कळते. पण मोठ्या वेगात असताना कडेला बंद पडलेला ट्रक किंवा मागे दिवा नसलेली ट्रॉली वेळेवर ओळखली जाईलच, याचा भरवसा नाही. बोर अभयारण्याचा हा मुलूख. कुंपण असले तरी एखादा रोही किंवा रानडुक्कर आडवा येणारच नाही, असे कोण म्हणेल? धुके, मुसळधार पाऊस, काचेवरची धूळ यांनी कॅमेरा आंधळा होतो.

आता थोडा हिशेब करू. ताशी १२० च्या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. मोबाइलकडे तीन सेकंद पाहिले, तर शंभर मीटर रस्ता आपण न पाहताच कापला! धोका दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत सुमारे ५० मीटर जातात. कोरड्या रस्त्यावरही गाडी उभी राहायला आणखी ७० ते ८० मीटर लागतात. रात्री डिपर दिव्याचा उजेड तेवढा लांब पोहोचत नाही. म्हणून रात्री वेग कमीच हवा, मग गाडीत कितीही यंत्रे असोत.

मग या सोयी वापरायच्या कशा? गाडीसोबतचे माहितीपुस्तक एकदा घरी बसून वाचा. कोणती सोय किती वेगापर्यंत चालते, हे प्रत्येक गाडीत वेगळे असते. पुढच्या वाहनापासूनचे अंतर सर्वांत जास्त ठेवा. निघताना काच आणि समोरची जाळी पुसा. काच बदलली असेल, तर कॅमेऱ्याची जुळवणी करून घ्या. हात स्टिअरिंगवरच असू द्या. हात काढल्याचा इशारा वाजू नये म्हणून स्टिअरिंगला बाटली अडकवणारे महाभाग आहेत. तो इशारा आपल्यासाठीच आहे, हे ते विसरतात. झोप येऊ लागली, तर त्यावर यंत्राचा इलाज नाही. सुरक्षित जागी थांबा, चहा घ्या, थोडे झोपा.

आणखी एक. महामार्ग सोडून आर्वी किंवा सेलूच्या रस्त्याला लागताना वेग डोळ्यांनी जोखू नका, काट्याकडे पाहा. १२० नंतर ६० चा वेगही गाडी रांगत असल्यासारखा वाटतो. पुढे पुसट पट्टे, कापसाच्या गाड्या, शाळेतून परतणारी सायकलवरची पोरे. तिथे क्रूझ बंद करावा आणि गाडी पूर्ण आपल्या हाती घ्यावी.

यंत्राने पायाला विसावा द्यावा, तो जरूर घ्या. डोळ्यांना मात्र सुट्टी नको. मागच्या सीटवर निर्धास्त झोपलेल्या लेकरांनी भरवसा यंत्रावर नाही, आपल्यावर टाकलेला असतो.