जुना लॅपटॉप उघडण्यापूर्वी

दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप सुरू व्हायला पाच मिनिटे घेऊ लागला, ब्राउझर उघडताच हँग होऊ लागला, की घरात निकाल लागतो: प्रोसेसर म्हातारा झाला, आता नवा घ्या. बहुतेक वेळा हा दोष भलत्यावरच ढकललेला असतो. प्रोसेसरमध्ये हलणारा, घासला जाणारा भागच नाही. थंड राहिला तर तो 2012 साली ज्या वेगाने आकडेमोड करत होता, त्याच वेगाने आजही करतो.

अडते ते हार्ड डिस्कपाशी. लॅपटॉपमधली डिस्क सहसा मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे 11 मिलिसेकंद लागतात. वाचणारे टोक योग्य जागेवर सरकायला साधारण तेवढाच वेळ आणखी जातो. त्यामुळे तबकडीवर इकडेतिकडे विखुरलेली माहिती वाचायची असेल, तर सेकंदाला शंभर ठिकाणीसुद्धा पोहोचणे तिला जमत नाही. विंडोज सुरू होताना नेमक्या अशाच असंख्य बारीक फाइली वाचल्या जातात. हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या, चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीत फिरणारे काहीच नसते, त्यामुळे ती एका सेकंदात हजारो ठिकाणी पोहोचते. जुन्या लॅपटॉपमध्ये बाकी काहीही न बदलता फक्त एसएसडी बसवली, तरी मिनिटांचे काम सेकंदांवर येते ते याचमुळे.

लेनोवोचा थिंकपॅड टी430 हे याचे चांगले उदाहरण. 2012 सालचे हे मॉडेल, तिसऱ्या पिढीचा कोअर आय5 प्रोसेसर असलेले. कंपन्यांच्या कार्यालयांतून निवृत्त झालेले असे लॅपटॉप सेकंडहँड बाजारात फिरत राहिले आहेत. त्याची डिस्क एका छोट्या झाकणाआड असते आणि ते झाकण एका स्क्रूवर बसते. रॅम 16 जीबीपर्यंत वाढवता येते.

‘लॅपटॉप उघडणे हे कंपनीच्या माणसाचेच काम’ हा दुसरा पक्का समज. टी430 कसा खोलायचा याची सचित्र पुस्तिका लेनोवोने स्वतःच मोफत उपलब्ध करून दिली आहे. कोणता भाग आधी निघतो, कोणता स्क्रू किती लांबीचा, हे सगळे त्यात आहे. स्क्रूच्या लांबीला फार महत्त्व असते: आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू आवळला तर तो आतल्या बोर्डात घुसू शकतो. म्हणून काढलेले स्क्रू कागदावर त्याच क्रमाने चिकटवून ठेवण्याची सवय सोन्यासारखी. सगळ्यात आधी चार्जर काढायचा आणि बॅटरी वेगळी करायची. भागांना हात लावण्यापूर्वी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज उतरवायची.

रॅम मात्र कोणतीही चालत नाही. डीडीआर3च्या पट्टीला 204 पिना असतात, डीडीआर4ला 260, आणि खाचही वेगळ्या जागी, त्यामुळे एक दुसऱ्याच्या जागी बसतच नाही. खरी फसगत डीडीआर3 आणि डीडीआर3एल यांच्यात होते. दोन्ही दिसायला सारख्या, पण पहिली 1.5 व्होल्टची आणि दुसरी 1.35 व्होल्टची. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरपासूनच्या अनेक लॅपटॉपना 1.35 व्होल्टचीच लागते. काही पातळ लॅपटॉपमध्ये, उदाहरणार्थ मॅकबुक एअरमध्ये, रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. तिथे घरी काही करण्यासारखे उरत नाही, आणि जुना लॅपटॉप विकत घेताना ही गोष्ट किमतीच्याही आधी विचारायला हवी.

चार्जरबद्दलची भीती अगदी उलटी आहे. ‘जास्त वॅटचा चार्जर लावला तर बोर्ड जळेल’ असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक जुळायला हवा तो व्होल्ट, आणि अर्थातच पिन. टी430ला 20 व्होल्ट लागतात. त्याला 65 वॅटचा किंवा 90 वॅटचा मूळ चार्जर चालतो, कारण लॅपटॉप आपल्याला हवा तेवढाच करंट ओढतो. व्होल्ट चुकीचा असेल तर मात्र नुकसान खरोखर होते.

बॅटरी पूर्ण उतरवून मगच चार्ज करावी, हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. लिथियम-आयन बॅटरीला तो घातकच. तिचे आयुष्य घटते ते उष्णतेने, सतत 100 टक्क्यांवर राहिल्याने आणि वारंवार पार तळाला गेल्याने. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात, म्हणजे दुकानदाराच्या अंदाजावर विसंबावे लागत नाही. नवी बॅटरी घेतानाही मॉडेल नीट तपासावे लागते. टी430 तर अनधिकृत बॅटरी ओळखून ती चार्जच करत नाही. आणि टचपॅड वर उचललेला दिसला, तर आत बॅटरी फुगलेली असू शकते. ती दाबायची नाही, टोचायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. लॅपटॉप बंद करून ई-कचरा संकलन केंद्रात द्यायची.

लॅपटॉपवर पाणी सांडल्यावर तो तांदळात पुरून ठेवण्याने पैशाचाही फायदा होत नाही. पाण्यातले क्षार बोर्डावर राहतात आणि गंज धरतो, तो तांदळाने कसा निघणार? वीज ताबडतोब तोडून, बोर्ड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे हाच उपाय, आणि तोही जमेल तितक्या लवकर.

सगळ्यात जास्त गोंधळ सध्या विंडोजवरून आहे. विंडोज 10चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11साठी इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते, म्हणून टी430 अधिकृतपणे त्यात बसत नाही. पण याचा अर्थ यंत्र निकामी झाले असा होत नाही. लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम 2 जीबी रॅमवरही चालते, 4 जीबी असेल तर सुखाने. मिंट 22ला 2029 पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत, आणि त्यावर मराठी टंकलेखनही करता येते. जीएसटीचे किंवा टॅलीसारखे एखादे विंडोजवरचेच सॉफ्टवेअर रोज लागत असेल, तर मात्र हा मार्ग त्या घरासाठी नाही, हे आधीच सांगायला हवे.

जुनी डिस्क काढून भंगारात देताना ‘फॉरमॅट केली की सगळे पुसले’ हा समज सर्वांत महाग पडतो. क्विक फॉरमॅटमध्ये फाइलींची यादी तेवढी नव्याने मांडली जाते, मजकूर तसाच राहतो. फोटोरेकसारखे मोफत सॉफ्टवेअर तो परत काढून देते: बँकेची कागदपत्रे, आधारची प्रत, घरचे फोटो. हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केले, तर विंडोज तिच्या सगळ्या जागेवर शून्ये लिहिते. त्याला काही तास लागतात, तेव्हा ते काम रात्री लावून ठेवणे सोयीचे. एसएसडीसाठी तिच्या निर्मात्याच्या सॉफ्टवेअरमधला सिक्युअर इरेज वापरायचा.