दुधाच्या परीक्षेतील द्रावकांचा जमाखर्च

दूध पारखण्याचे शास्त्र आणि रसायनांचा सढळ व्यय यांची सोयरीक फार जुनी आहे. फ्रान्झ सॉक्सलेट या रसायनज्ञाने १८७९ साली जे काचेचे निष्कर्षण-उपकरण जाहीर केले, आणि जे आजतागायत त्याच्याच नावाने प्रयोगशाळांत वावरते आहे, ते मुळात दुधातील स्निग्धांश ईथरने विलग करून तोलण्यासाठीच योजलेले होते. पुढे गर्बर या रसायनज्ञाने या कामी गंधकाम्ल आणले, आणि आपल्याकडील दूधसंस्थांत फॅट काढून झाल्यावर ते आम्ल किती वर्षे मोरीत ओतले गेले असेल, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडायची नाही.

औषधांच्या अवशेषांचा प्रश्न मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचा. गायीच्या कासदाहावर, म्हणजे गोठ्यात ज्याला दगडी म्हणतात त्या रोगावर, सडांतून पेनिसिलिन सर्रास सोडले जाऊ लागले, तेव्हा मोठी ओरड झाली ती चीज करणाऱ्यांची, कारण त्यांचे विरजणच लागेना! या तक्रारीतच परीक्षेची युक्ती दडलेली होती. हॉलंडमधील डेल्फ्ट येथे १९७० नंतरच्या दशकात तयार झालेल्या चाचणीत जांभळ्या आगरात जिवाणूंची बीजे पेरलेली असतात. त्यावर दुधाचे काही थेंब घालून ती कुपी चौसष्ट अंश सेल्सिअस उष्णतेत सुमारे तीन तास ठेवली, की दूध निर्दोष असल्यास जिवाणू वाढून आम्ल निर्माण करतात व जांभळा रंग पिवळा होतो, आणि औषध असल्यास तो जांभळाच राहतो. या सर्व खटाटोपात द्रावकाचा एक थेंबही खर्ची पडत नाही.

परंतु जिवाणू औषधाचे नाव सांगत नाही, आणि डीडीटीसारख्या कीटकनाशकाची तर त्याला दादच नसते; म्हणून रसायनज्ञांनी हेक्झेन, डायक्लोरोमिथेन, अॅसिटोनायट्राइल यांचे बुधले उघडले, आणि पिणाऱ्याच्या पोटातील विष टाळण्यासाठी प्रयोगशाळेच्या मागील दाराने दुसरे विष बाहेर जाऊ लागले. यावर उतारा म्हणून, घातक द्रव्ये मुळातच कमी वापरावीत असे सांगणाऱ्या हरित रसायनाची बारा तत्त्वे अनास्टास व वॉर्नर या रसायनज्ञांनी १९९८ साली ग्रंथित केली. २००३ साली दहा ग्रॅम नमुन्यास दहा मिलिलिटर अॅसिटोनायट्राइल पुरेसे ठरविणारी ‘क्वेचर्स’ पद्धत आली. तरीही द्रावकाचा व्यय आवरण्याचे काम माझ्या मते तत्त्वांहून अधिक टंचाईने केले. अॅसिटोनायट्राइल हे अॅक्रिलोनायट्राइलच्या कारखान्यातील उपउत्पादन आहे. २००८ साली मंदीमुळे त्या मुख्य मालाचीच मागणी ओसरली, त्यात टेक्सासच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ धडकले, आणि जगभरच्या प्रयोगशाळांना द्रावक मिळेनासे झाले. नेमक्या त्याच वर्षी चीनमध्ये मेलामाइनमिश्रित दुधाने बालकांचे बळी घेतल्यामुळे तपासण्यांची निकड मात्र कैक पटींनी वाढली होती.

याच सुमारास साबणासारख्या द्रव्याच्या जलीय द्रावणावर चालणाऱ्या मायसेलर वर्णलेखनाकडे (क्रोमॅटोग्राफीकडे) पुन्हा लक्ष वळले. त्याचे बीज १९८० च्या आसपासचे. स्पेनमधील कास्तेयोन आणि मध्यप्रदेशातील सागर येथील संशोधकांनी मिळून या पद्धतीचा पुष्कळ पाठपुरावा केला. शांपूत असते तेच सोडियम डोडेसिल सल्फेट दुधातील प्रथिने विरघळलेली ठेवते, त्यामुळे दूध केवळ पातळ करून व गाळून थेट यंत्रात सोडता येते. मात्र हे द्रव्य वाफ होऊन उडत नसल्यामुळे वस्तुमानमापकाशी (मास स्पेक्ट्रोमीटरशी) त्याचे जमत नाही, आणि अतिसूक्ष्म अवशेषांची शहानिशा तर त्या मापकाशिवाय होणे कठीण. पद्धतींना हरितपणाचे गुण देणारी कोष्टके २०१२ पासून निघाली, २०२० साली तर रंगीत घड्याळासारखी गुणपत्रिकाही आली. पण किलोमागे चार मायक्रोग्रॅम पेनिसिलिनची कायदेशीर मर्यादा गुण मिळवणारी पद्धत गाठते की नाही, हा रकाना त्यांत नाही. गुण भरघोस आणि दूध दूषित, असा निकाल कोणाच्या कामाचा?

भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभर तपासलेल्या ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविके मर्यादेबाहेर आढळली, म्हणजे शंभरात जेमतेम एक. निदान प्रतिजैविकांपुरता तरी प्रत्येक नमुना प्रथम जिवाणूंच्या कुपीतून चाळावा आणि संशयित तेवढाच द्रावकाच्या यंत्रावर धाडावा, असा शिरस्ता सरकारी प्रयोगशाळांनी व दूधसंघांनी घालून घेतल्यास, कोणत्याही नव्या यंत्राने होणार नाही एवढी द्रावकाची बचत होईल.