टर्नर सेक्शनमधलं गणित

व्हर्निअरच्या मुख्य पट्टीवर २५ पूर्ण आणि सरकत्या पट्टीची दुसरी रेघ जुळलेली. लीस्ट काउंट ०.०२ मिमी. मुलगा पुटपुटतो, दोन रेघांचे चार, आणि वहीत लिहितो २५.४. खरं माप २५.०४. जॉब २५ मिमीचा हवा, ०.०५ इकडेतिकडे चालतं. म्हणजे तो झालेलाच आहे. पण वहीतल्या आकड्यावर विसंबून त्यानं आणखी ०.४ कापलं, तर जॉब भंगारात.

आयटीआयच्या निदेशकांना हे रोजचंच. त्या दिवशी सरांनी न रागावता विचारलं, "२५.४ मोठं की २५.३५?"

"२५.३५, सर. पस्तीस आहेत ना."

दहावी पास मुलाचं हे उत्तर आळसातून आलेलं नाही. पाचवी-सहावीत दशांश कच्चे राहिले, वर बीजगणित चढलं, मागे वळून कुणी पाहिलं नाही. वर्कशॉप कॅल्क्युलेशनच्या तासालाही थेट सूत्रंच फळ्यावर येतात.

त्यात तो तास वेगळा, खोली वेगळी, बहुधा शिकवणारेही वेगळे. टेपरचं सूत्र घ्या. मोठ्या व्यासातून लहान व्यास वजा करायचा, लांबीच्या दुपटीनं भागायचं, आलेल्या टॅनवरून कोन काढायचा. व्यास ४० आणि ३०, लांबी ५०, भागाकार ०.१, कोन ५.७१ अंश. लेखी परीक्षा पर्याय निवडायची, त्यामुळे एवढं पाठ असलं की भागतं. दुप्पट का करायची, हे वर्गात कुणी विचारत नाही. लेथवर मात्र टूल ०.२ आत घेतलं की व्यास ०.४ नं उतरतो, कारण फिरता जॉब सगळ्या बाजूंनी कापला जातो. हे स्वतः मोजून पाहिलेल्या एका मुलीनं शेजारच्याला टेपरच्या सूत्रातला तो दोन चटकन समजावून दिला. मला फार बरं वाटलं.

तरीही नुसते हात चालले की गणित येतं, हे मला पटत नाही. त्याच मुलीनं कंपाउंड स्लाइड फिरवताना ५.७१ अंश म्हणजे ५ अंश ७१ मिनिटं धरली. एका अंशात मिनिटं ६०, ०.७१ ची होतात सुमारे ४३. हे लेथ सांगत नाही. सरांनी तिथंच खडूनं गुणाकार मांडून दाखवला.

कॅल्क्युलेशनचे काही तास असे सेक्शनमध्येच, हातात व्हर्निअर देऊन घ्यायला हवेत आणि सुरुवातीचे आठवडे दशांशांना द्यायला हवेत. त्यासाठी नवी यंत्रं लागत नाहीत; ट्रेडच्या आणि गणिताच्या निदेशकांनी वेळापत्रक एकत्र बसून आखलं तरी पुष्कळ होईल.